कपाटाची किल्ली आणि लंबकाचे पान

आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत एक जुने लोखंडी कपाट आहे. व्हर्निअर कॅलिपर, स्क्रू गेज, स्टॉपवॉच ही सारी मंडळी त्यात राहतात आणि कपाटाची किल्ली असते प्रयोगशाळेतील परिचरांच्या खिशात. दरवर्षी अकरावीच्या नव्या तुकडीतला एखादा उत्साही विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतो, "सर, किल्ली माझ्याकडे ठेवू का? मी सकाळी लवकर येतो." हेतू चांगला असतो, तरीही किल्ली मिळत नाही. मात्र त्याच मुलाने दुसऱ्या दिवशी येऊन "सर, सात नंबरच्या कॅलिपरवरच्या चिठ्ठीत शून्य त्रुटीचे चिन्ह उलटे लिहिले आहे" असे दाखवून दिले, तर चिठ्ठी तासाभरात बदलते.

किल्ली असणे निराळे आणि चूक दुरुस्त करवून घेणे निराळे, हे मी वीस वर्षे मुलांना सांगत आलो. संगणकाच्या जगात पाऊल टाकताच मात्र स्वतःच ते विसरलो. त्याची ही हकिगत.

लंबकाची गती पडद्यावर दाखविणारी एक लहानशी आज्ञावली आम्ही प्रात्यक्षिकासाठी वापरत होतो. ती मुक्तस्रोत आहे. म्हणजे तिच्यातील मूळ आज्ञा कोणालाही वाचता येतात, बदलता येतात व वाटता येतात. लिनक्स, पायथॉन ही याच पठडीतील मोठी नावे तुम्ही ऐकली असतील. एके दिवशी अकरावीतील एक मुलगी म्हणाली, "सर, माझा लंबक उलटा लटकतोय." पाहतो तो खरेच, गोलक टांगणीच्या वर! तिने सुरुवातीचा कोन १० असा दिला होता. माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहिले होते, 'कोन अंशांत द्यावा'. मग झाले काय? तिनेच आकडेमोड करून सांगितले. आज्ञावलीला कोन रेडियनमध्ये हवा होता. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. तेव्हा १० रेडियन म्हणजे ५७३ अंश; त्यातून एक पूर्ण फेरा वजा केला की उरतात २१३. गोलक वर जाणारच. आज्ञावली बरोबर होती, चुकले होते पुस्तिकेचे पान.

अशा चुका आज्ञावलीतील चुकांपेक्षा अधिक त्रासदायक, असे माझे मत आहे. आज्ञावली बिघडली तर ती बहुधा आरडाओरडा करते, थांबते. पुस्तिका चुकली तर ती शांतपणे चुकीचे सांगत राहते आणि वाचणारा स्वतःलाच मूर्ख समजतो. त्या मुलीने उत्तराचा माग काढला. बाकीच्या किती जणांनी संगणक बंद करून 'आपल्याला हे जमत नाही' म्हटले असेल, कोण जाणे.

दुरुस्ती एका शब्दाची होती. पुस्तिकेची पाने जेथे ठेवलेली असतात त्या जागेला रिपॉझिटरी म्हणतात. आपण भांडार म्हणू. मी त्या भांडाराच्या चालकांना पत्र लिहिले : मी एमएस्सी आहे, इतकी वर्षे शिकवतो आहे, तुमच्या पुस्तिकेत चुका आहेत, मला लिहिण्याचा अधिकार द्यावा. तीन आठवडे उत्तर नाही. मग एका ओळीचे उत्तर आले की, बदल करून पाठवा, आम्ही पाहू. मला राग आला. एका शब्दासाठी एवढी ऐट? आणि त्या रागाच्या भरात मी त्या मुलीलाही म्हणालो, "जाऊ दे ग, त्यांना गरज नाही."

हे मी बोलायला नको होते. कारण उत्तर रुक्ष असले तरी बरोबर होते. ते का, हे समजायला या भांडाराची रचना पाहावी लागेल.

पूर्वीची भांडारे एकाच मध्यवर्ती संगणकावर असत. तेथे लिहिण्याचा अधिकार नसेल तर तुमचे काम इतिहासात नोंदविण्याची सोयच नसे. २००५ साली लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी 'गिट' नावाची व्यवस्था तयार केली आणि हे चित्र पालटले. गिटमध्ये भांडाराची प्रत घेतली की केवळ आजची पाने येत नाहीत, त्यांचा आरंभापासूनचा सारा इतिहास तुमच्या संगणकावर येतो. त्या प्रतीचे धनी तुम्ही. हवे ते लिहा, खोडा, नोंदवा. प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून व आधीच्या नोंदीच्या ओळखीवरून काढलेली एक लांबलचक ओळख मिळते. रूढ पद्धतीत ती चाळीस अक्षर-अंकांची असते. मागची एखादी नोंद कोणी गुपचूप बदलली तर तिच्यापुढच्या साऱ्या नोंदींच्या ओळखी बदलतात आणि लबाडी उघडी पडते. आपल्या जर्नलची पाने क्रमांकित असतात, फाडलेले पान लगेच कळते, तसाच काहीसा प्रकार. फक्त कितीतरी कडक.

तेव्हा काम करण्यासाठी किल्ली लागतच नाही. आपल्या प्रतीत दुरुस्ती करायची आणि मूळ भांडाराच्या चालकांना 'ही घ्या' अशी विनंती पाठवायची. हिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. चालक ती वाचतात, शंका विचारतात आणि पटली तर मूळ भांडारात सामील करतात. लिनक्सच्या गाभ्याचे काम तर बरेचसे अजूनही ईमेलनेच चालते. बदल धाडणारे हजारो, पण टॉरवाल्ड्स यांच्या मुख्य भांडारात बदल जातात ते चाळण्या ओलांडूनच.

आता कोणी विचारील, चाळण्या हव्यातच कशाला? पुस्तिका लिहिणाऱ्या गरीब माणसावर एवढा संशय का?

२०२४ च्या मार्च महिन्यात जे घडले ते पाहा. 'एक्सझेड' नावाची, माहिती दाबून लहान करणारी एक आज्ञावली आहे. ती कितीतरी लिनक्स संगणकांवर असते, आणि तिचा भार मुख्यतः एकच माणूस विनामोबदला वाहत होता. २०२१ पासून 'जिया तान' या नावाने कोणीतरी तेथे मदत करू लागले. बदल नेटके, वागणे नम्र. इतर काही अनोळखी नावे मूळ चालकामागे तगादा लावीत होती की, तुम्हाला वेळ नसेल तर दुसऱ्याला अधिकार द्या. थकलेल्या चालकाने दिला. पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत निघालेल्या ५.६.० या आवृत्तीत एक चोरदरवाजा बसविला गेला. त्याचे मुख्य भाग चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींत लपविले होते. पोस्टग्रेस या माहितीसंग्रहावर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा त्यांनी पुरविला आणि २९ मार्च रोजी सारे उघड केले. जिया तान कोण, हे आजही जगाला ठाऊक नाही. (प्रात्यक्षिकात 'अर्ध्या सेकंदाने काय होते सर' म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट वहीत लिहून ठेवावी.)

हे ऐकून मला माझे पत्र आठवले. 'मी शिकलेला आहे, चुका पाहिल्या आहेत, अधिकार द्या.' पलीकडच्या माणसाला माझी पदवी खरी की खोटी हे कसे कळणार? त्याला दिसते ते फक्त काम. पदवीला वजन नाही, कामाला आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळ कचेऱ्यांपेक्षा मला तरी न्याय्य वाटते.

किल्ली कधीच मिळत नाही असे मात्र नाही. फ्रीबीएसडी हा १९९३ पासून चाललेला प्रकल्प आहे. तेथे मूळ आज्ञांचे, बाहेरून आणलेल्या आज्ञावल्यांचे आणि माहितीपुस्तिकांचे अधिकारी वेगवेगळे मानले जातात. कोणी बराच काळ पुस्तिकेच्या चांगल्या दुरुस्त्या पाठविल्या की त्याला तेवढ्यापुरता लिहिण्याचा अधिकार मिळतो आणि सोबत एक मार्गदर्शक नेमला जातो. मार्गदर्शकाने मोकळे करेपर्यंत प्रत्येक बदलाला त्याची संमती घ्यायची आणि ती नोंदीतही लिहायची. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने विद्युतमंडल जोडावे, पण शिक्षकांनी पाहिल्याशिवाय कळ दाबू नये, हा आपलाच नियम! आणि पुस्तिका लिहिणाऱ्याला आज्ञा लिहिणाऱ्याच्या बरोबरीने स्वतंत्र मान आहे, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. गिटहबसारख्या ठिकाणी अधिकाराच्या आणखी बारीक पायऱ्या असतात. एका पायरीवर तर भांडारात काहीही न लिहिता आलेल्या तक्रारी व विनंत्या लावून ठेवण्याचे काम करता येते. नवख्याला काही मागायचेच असेल, तर काही महिन्यांनी ही पायरी मागावी.

येथे आपल्या घरचे एक दुखणे सांगितले पाहिजे. 'एक्सप्रेस' ही वेबसाठीची प्रसिद्ध आज्ञावली. तिच्या भांडारात मुखपृष्ठावर फक्त स्वतःचे नाव घालणाऱ्या विनंत्यांचा पूर लोटला होता, हे २०२४ च्या सुरुवातीस चव्हाट्यावर आले. पुल रिक्वेस्ट कशी करावी हे शिकविणाऱ्या आपल्याच देशातील एका चित्रफितीत हे भांडार उदाहरणादाखल दाखविले होते आणि मुलांनी ते जसेच्या तसे गिरविले. त्याआधी २०२० च्या ऑक्टोबरात, चार विनंत्या केल्या की टी-शर्ट देणाऱ्या एका जागतिक उपक्रमातही असाच कचरा साचला. शेवटी, भांडाराच्या चालकांनी आधी होकार दिला असेल तरच तेथील विनंत्या मोजाव्यात, असा नियम करावा लागला. मुलांना मी फारसा दोष देत नाही. 'इतक्या विनंत्या केल्या' असे प्रमाणपत्रावर मोजणारे आम्ही शिक्षकच आहोत. आकडा मागितला की आकडाच मिळतो. त्यापेक्षा वर्षभरात एकच दुरुस्ती पाठवा, पण ज्या पानामुळे तुम्ही स्वतः अडखळलात त्या पानाची.

हे झाले नवख्यांना. आता किल्लीवाल्यांनाही दोन शब्द ऐकवतो, कारण सारा शहाणपणा त्यांच्याच पदरी आहे असे मला मुळीच वाटत नाही. चाळणी हवी हे मान्य, पण चाळणीवर धान्य कुजू देणे मान्य नाही. एक शब्द दुरुस्त करणाऱ्याला तीन आठवडे उत्तर नाही, याचे समर्थन होऊ शकत नाही. ते विनामोबदला काम करतात, दमलेले असतात, हे खरेच. पण 'मिळाले, महिन्याभरात पाहतो' एवढे लिहायला एक मिनिट लागते. पुष्कळ ठिकाणी आज्ञेतील बदल आधी पाहतात आणि पुस्तिकेचे बदल मागे पडतात. वास्तविक उलट असावे. एका शब्दाचा बदल तपासायला पाच मिनिटे पुरतात, आणि नवा माणूस टिकणार की जाणार हे त्या पाच मिनिटांत ठरते. शिवाय पुस्तिकेतील चुका नवख्यालाच दिसतात. जाणत्याचा डोळा त्यांना सरावलेला असतो. मी त्या पुस्तिकेतील लंबकाचे पान दोन वर्षे वाचत होतो, आणि सवयीने कोन रेडियनमध्येच देत होतो. चूक मला दिसलीच नव्हती.

शेवटी मी विनंती पाठविली. हौसेने अंश-रेडियनच्या दुरुस्तीसोबत इतर अकरा ठिकाणचे व्याकरणही सुधारले होते. उत्तर आले की, एका विनंतीत एकच विषय ठेवा, म्हणजे पुढे काही बिघडले तर नेमके तेवढेच मागे घेता येते. एका वेळी एकच चल बदलावा, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो! निमूटपणे पुन्हा पाठविली. दोन दिवसांत 'अंशांत' जाऊन 'रेडियनमध्ये' आले. पुढे वर्षभर अधूनमधून दुरुस्त्या पाठवीत राहिलो आणि न मागता किल्ली मिळाली. तिसऱ्याच दिवशी मी एका सारणीतील खूण चुकवून अख्खे पान मोडले. ज्यांच्यावर मी रागावलो होतो त्यांनीच ते रात्रीत जुळविले आणि एका ओळीत लिहिले, असे सर्वांचे होते.

ती मुलगी आता बारावीत आहे. चूक शोधली होती तिने, पण नोंद झाली माझ्या नावावर, कारण मी तिला 'जाऊ दे' म्हटले होते. गेल्या महिन्यात तिला हे सांगितले. ती म्हणाली, "सर, घर्षणाच्या पानावरपण एक आहे." या खेपेस प्रत तिनेच घेतली, बदल तिनेच केला, विनंती तिच्याच नावाने गेली. माझ्याकडे किल्ली आहे. मनात आणले तर मी ती विनंती आजच सामील करू शकतो. पण आपल्याच विद्यार्थिनीचे काम आपणच तपासणे बरे नव्हे, म्हणून ती दुसऱ्या कोणी पाहावी असे मी तेथे लिहिले आहे. आज एकोणीस दिवस झाले. काल मी त्यांना एक आठवण पाठविली.