टाकाऊतून टाकाऊ

फराळाच्या ताटात करंजी आणि चिरोटे असले, तरी लसणाच्या तिखट शेवेवाचून आमच्या खानदेशात ताट पुरे होत नाही. हा लेख त्या शेवेच्या जातीचा आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना पित्ताचा त्रास असेल त्यांनी खुशाल पान उलटावे; पुढे कविता असतीलच.

माझे भांडण आहे 'टाकाऊतून टिकाऊ' या दोन शब्दांच्या टिळ्याशी. शाळांची स्नेहसंमेलने, महिला मंडळांची हळदीकुंकवे, गणपतीपुढच्या स्पर्धा, जिकडे जावे तिकडे हा टिळा लावलेले एक टेबल मांडलेले असते. त्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे मोर असतात, काड्यांची तोरणे असतात, पिशव्यांच्या फुलांचे गालिचे असतात. पाहुणे येतात, 'वा, काय कल्पकता!' म्हणतात, छायाचित्र निघते. तिसऱ्या दिवशी तो मोर, ते तोरण आणि तो गालिचा कुठे असतो, हे मी तुम्हाला सांगते, कारण शाळेचा शिपाई झाडलोट करतो तेव्हा मी तिथेच असते. तो सगळा ऐवज कचऱ्याच्या गाडीत असतो. टाकाऊतून निघालेले ते टाकाऊच ठरते. आणि भंगारवाला त्याला हात लावत नाही.

हा शेवटचा मुद्दा जरा नीट समजून घ्यावा. रिकामी बाटली भंगारवाला घेतो. धुतलेली दुधाची पिशवीही घेतो. पण त्याच बाटलीला तुम्ही डिंकाने पिशवी चिकटवलीत, वर चमकी ओतलीत, मागे पुठ्ठा आणि आत तार घातलीत, की ती वस्तू कोणाच्याच कामाची राहत नाही. प्लॅस्टिक ही एक जात नव्हे. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात एक आकडा असतो, 1 पासून 7 पर्यंत; तो तिची जात सांगतो. एका जातीचे प्लॅस्टिक दुसऱ्या जातीबरोबर वितळवले तर माल नासतो. भंगाराच्या वखारीत निवडायला बसणाऱ्या बायका हे आकडे वाचत नाहीत. त्या चिमटीत धरून, चुरगाळून, आवाजावरून जात ओळखतात. त्यांच्या हातचे हे शास्त्र आपल्या कलेने एका दुपारी निकामी होते, आणि वर आपण बक्षीस देतो!

मध्यंतरी अशाच एका स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बसवले होते. शाळेचे नाव सांगत नाही; असल्या शाळा गावोगाव आहेत. पहिला क्रमांक ज्या वस्तूला मिळाला तो थर्माकोलचा किल्ला होता. त्याच्या भिंतींना रंगीत काड्या लावलेल्या. काड्यांचे पुडके कोरे, थर्माकोल कोरा, रंगाची बाटली कोरी. मुलाच्या वडिलांनी हा सगळा 'टाकाऊ' माल आदल्या रात्री दुकानातून रोखीने आणला होता. गंमत अशी की, 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकायच्या ज्या वस्तूंवर देशभर बंदी आली, त्यांत प्लॅस्टिकच्या काड्या आहेत आणि शोभेचा थर्माकोलही आहे. महाराष्ट्राने तर 2018 सालीच थर्माकोलच्या ताट-वाट्या आणि हातात धरायच्या पिशव्या बंद केल्या. म्हणजे पर्यावरणाचे पहिले बक्षीस कायद्याने बंद केलेल्या मालाला गेले, आणि ते टाळ्यांच्या गजरात गेले.

त्याच टेबलाच्या कोपऱ्यात एक पायपुसणे होते. रावेरकडून शिकायला आलेल्या एका मुलीने आणलेले. केळीच्या घडांना घालतात त्या पिशव्यांच्या उभ्या पट्ट्या काढून तिच्या आजीने त्यांना पीळ दिला होता, आणि त्या दोऱ्यांची वेणी घालत घालत गोल पायपुसणे विणले होते. डिंक नाही, चमकी नाही. एकाच जातीच्या मालाचे ते काम. उद्या झिजले तर जसेच्या तसे भंगारात जाईल असे. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. बाकीचे दोघे म्हणाले, 'बाई, हे मळकट दिसते. शिवाय आजीने केलेले आहे.' किल्ला बापाने केलेला चालतो, पायपुसणे आजीने केलेले चालत नाही! मुलीने ते गुंडाळून दप्तरात घातले. तिच्या तोंडाकडे मला बघवले नाही.

मी कॉलेजची पायरी चढलेली नाही, मॅट्रिकवर माझे शिक्षण थांबले. त्यामुळे कला म्हणजे काय याची व्याख्या मला येत नाही. पण गोधडी येते. आणि माझे म्हणणे असे की, टाकलेल्या वस्तूंतून वस्त्र करण्याची कला कोणाला शिकायचीच असेल, तर तिची गुरुमाउली आपल्या घरात, माळ्यावर घडी करून ठेवलेली आहे.

गोधडीचा धर्म बघा. नऊवारी लुगडे धुऊन धुऊन मऊ होते, काठाशी दम धरते आणि मधे विरते. मग ते गोधडीचे अस्तर होते. आत धोतराचे धडपे, पोरांच्या सदऱ्यांचे तुकडे, शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या. कडेपासून धावदोरा सुरू होतो आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर येतो. त्या टाक्याला मोजमाप नसते, तरी रांग मोडत नाही. कोणता तुकडा कोठे लावायचा याचा हिशेब बाई मनात करते. लाल काठाशेजारी पिवळी पट्टी का, असे विचारले तर 'तेवढीच होती' म्हणते. मी कादंबऱ्या लिहिते. प्रकरणे जोडताना मला हा आत्मविश्वास कधी लाभलेला नाही. आणि गोधडी विरली म्हणजे? तिचे पोतेरे होते. पोतेरे विरले की उकिरड्यावर जाते, उकिरडा शेतात जातो. कापसाच्या काळ्या मातीतून निघालेली वस्तू काळ्या मातीत परत जाते. बंजारा तांड्यांतल्या बायका फेटीयावर, कांचळीवर आरसे, कवड्या, जुनी नाणी टाकतात. कापड जीर्ण झाले की तेच आरसे, त्याच कवड्या उसवून नव्या कापडावर चढतात. शेवटाचा विचार आरंभीच केलेला असतो.

प्लॅस्टिकला हा मातीचा शेवट नाही. जळगावच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात जातो. त्या उन्हात चार महिने ठेवलेली पिशवी हातात घेतली तर तिचा भुगा होतो, आणि तो भुगा मातीत मिसळतो पण माती होत नाही. म्हणून प्लॅस्टिकच्या वस्त्राने गोधडीचा दुसरा अर्धा धर्म तरी पाळलाच पाहिजे: त्याची भंगारवाल्याकडे जाण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे.

हे होऊ शकते का, असे विचारणाऱ्याने लांब जायला नको. आहे तिथे बूड उचलून खाली बघावे. आपण ज्या चटईवर बसलो आहोत ती बहुधा आमच्या जळगावची आहे. भंगारातले प्लॅस्टिक निवडतात, धुतात, दळतात, वितळवून त्याचा दाणा करतात. दाण्याची लांबच लांब काडी ओढतात आणि काडी मागावर विणतात. ज्या गावात खानदेश मिलचे कापड निघत असे, त्या गावात आता या चटया निघतात आणि देशभर जातात. पंगत तिच्यावर बसते, भजन तिच्यावर रंगते, बाळ तिच्यावर रांगते. तिच्यावर मोर असतात, कमळे असतात, हिरव्या-जांभळ्या चौकटी असतात. तिला मात्र कोणी कलाकृती म्हणत नाही, आणि त्या चौकटीची नक्षी ज्याने बसवली त्या कामगाराचे नाव आपल्याला ठाऊक नाही. थर्माकोलच्या किल्ल्याच्या पुढ्यात मात्र नाव, इयत्ता आणि तुकडी!

पुण्याला रीचरखा नावाचा एक उद्योग आहे, अमिता देशपांडे यांनी उभा केलेला. तिथे टाकलेल्या पिशव्या धुतात, वाळवतात, कापून पट्ट्या करतात, चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर त्याचे कापड विणतात. त्या कापडाच्या पिशवीची किंमत ऐकून आमच्याकडच्या बायका तोंडाला पदर लावतात. मी लावत नाही. माणसाच्या हाताला तास लागतात आणि तासाला दाम लागतो. आपल्याला ते महाग वाटते, कारण घरातल्या बाईच्या तासाला आपण कधी दाम दिलेलाच नाही. पुण्यातच 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि कचरा वेचणाऱ्या बायकांच्या गळ्यात ओळखपत्र आले. प्लॅस्टिकच्या कलेचा पहिला कलावंत मला तरी तीच बाई वाटते, आपण तिच्यानंतरचे.

जगात काय चालले आहे तेही पाहावे. घाना देशात जन्मलेले, नायजेरियात काम केलेले एल अनात्सुई बाटल्यांची टाकलेली बुचे ठोकून सपाट करतात आणि तांब्याच्या तारेने शिवून भिंतभर पसरणारी महावस्त्रे करतात. 2015 साली व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे खेडे आहे. तिथल्या काळ्या कष्टकरी बायका शेतातल्या कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. 2002 साली त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, प्रत्येकीखाली शिवणारीच्या नावानिशी. पुढे 2007 मध्ये त्यांतल्या काहींना आपल्या वाट्याच्या पैशांसाठी न्यायालयात जावे लागले, हेही खरे. नाव लागले म्हणजे पैसा आपसूक येतो असे नाही. पण नावच लागले नाही, तर भांडायला तरी कोणत्या तोंडाने जायचे?

आणि आमच्या खानदेशाला हे सगळे नवे असायचे कारण नव्हते. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यातले पहिले. सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले आणि अट घातली की, साहित्य खेड्यात मिळेल तेच वापरायचे. नंदलालबाबूंनी बांबू, गवत, माती यांतून टिळकनगर उभे केले. असा पाठ ज्या मुलखाला मिळाला, त्या मुलखाने आज कोऱ्या काड्यांचे पुडके आणावे! धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. वाळवीने धरलेली दप्तरे गावोगाव फिरून गोळा करणाऱ्या माणसाच्या नावाने ते उभे आहे. इतिहासाचार्यांनी कागदाची चिंधी सोडली नाही. कापडाच्या चिंधीला असा राजवाडे मिळाला नाही. शंभर वर्षांपूर्वीची खानदेशी गोधडी पाहायची म्हटले तर मी मुलांना कोठे नेऊ? जुन्या गोधड्या तर आता बोहारणीही घेत नाहीत, घरोघर त्या गाडी पुसायला काढल्या आहेत.

'बाई, मुलांची हौस आहे, एवढे काय मनावर घेता?' असे मला नेहमी ऐकवतात. हौसेला माझा विरोध नाही. पण त्या टेबलावर मूल जे शिकते ते असे, की टाकाऊ वस्तू दुकानात मिळते, मेहनत बापाने करायची असते, आणि आजीच्या हातचे मळकट असते. हे तिन्ही धडे खोटे आहेत आणि तिन्ही त्याच्या पक्के लक्षात राहतात.

म्हणून यंदा आमच्या शाळेत मी लेखी अर्ज दिला आहे. दुकानाची पावती निघेल अशी एकही वस्तू टेबलावर नको. डिंक नको, शिवायचे, विणायचे किंवा गाठ मारायची. एका वस्तूत एकाच जातीचे प्लॅस्टिक. आजीने, आईने, शेजारच्या काकूने मदत केली असेल तर मुलाच्या नावाच्या वर तिचे नाव. आणि परीक्षक म्हणून चित्रकलेच्या शिक्षकांच्या जोडीला एक गोधडी शिवणारी बाई आणि एक भंगारवाला, दोघांनाही नारळ आणि मानधन देऊन. अर्ज देऊन दोन महिने झाले. मुख्याध्यापक भेटले की गोधडीबद्दल काही म्हणत नाहीत. भंगारवाल्याला व्यासपीठावर खुर्ची कोठे मांडायची, एवढेच विचारतात.