पऱ्हाटीवरचे वांगे

हिवाळा लागला की सावद्यात भरिताच्या पंगती बसतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर बामणोदची वांगी भाजली जातात आणि पंगतीत नमाजी कोण, वारकरी कोण, हे कोणी विचारत नाही. या पऱ्हाटीत बीटीचा जनुक २००२ सालीच शिरला. वांग्यात शिरता शिरता राहिला. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या समितीने बीटी वांग्याला मान्यता दिली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्री जयराम रमेश यांनी ते रोखले.

हा विषय निघाला की आमच्यात पहिला प्रश्न ठरलेला: ‘त्यात डुकराचे काही नाही ना?’ नाही. तो जनुक मातीतल्या जिवाणूचा आहे. झाले समाधान? आमचे मात्र होत नाही. कोणाला न विचारता आणि कोणाच्या जिवावर पिकवले, हे हलालच्या हिशेबात कधी धरणार?

बीटी कापसाने सुरुवातीला बोंडअळी आवरली, फवारे कमी केले. हे नाकारणे खोटेपणाचे होईल. पण पिशवीबरोबर बिगरबीटी बियाण्याची लहान पुडी येई, रेफ्युजीची. ती कडेने पेरली तर साध्या अळ्याही जगतात, बीटी पचवणाऱ्यांशी त्यांचा संकर होतो आणि ती ताकद लवकर पसरत नाही. हे शेतकऱ्याला नीट कोणी समजावले? आम्ही त्या पुड्या बांधावर फेकलेल्या पाहिल्या आहेत. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात दुसऱ्या पिढीच्या बीटीलाही जुमानले नाही. पंचनामे पिकाचे झाले. किलोवर वेचणी करणाऱ्या आमच्या तडवी बायांच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कोणत्या नमुन्यात बसतो?

मदिनेच्या बागायतदारांचे खजुरीच्या परागीकरणाचे ज्ञान पैगंबरांनी (स.) मान्य केले, ही हदीस आपण वाजात ऐकतो. इथे २०१० ची महाराष्ट्रातली सुनावणी नागपूरला झाली, भरिताच्या मुलखात नाही. २०१६ मध्ये याच वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मान वांग्याला, पिकवणाऱ्याला विचारायचे नाही!

बांगलादेशात २०१४ पासून बीटी वांगे लावतात. तिथले बियाणे सरकारी संशोधन संस्थेचे, शेतकऱ्याला राखून ठेवता येणारे. म्हणून ‘कधीच नको’ असे आम्ही म्हणत नाही. विकणाऱ्याने फसलेल्या हंगामाची हमी आधी कागदावर द्यावी, वेचणीची मजुरी तीत धरावी. जुम्याच्या नमाजनंतर पुन्हा डुकराचा प्रश्न निघाला, तर आधी तो कागद मागा.