'प्रवासवर्णन' म्हणजे नेमके काय?

पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' १८८९ साली प्रसिद्ध झाले. 'स्त्रियांचे प्रवासवर्णन' ह्या कप्प्यात ते टाकून आपण मोकळे होतो. ह्या वर्गीकरणालाच माझा आक्षेप आहे.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेलेल्या रमाबाई केवळ देखावे पाहत बसल्या नाहीत. शासनव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, व्यापार, स्त्रियांची अवस्था ह्यांवर त्यांनी प्रकरणे लिहिली. स्वातंत्र्याचे कौतुक केले, पण कृष्णवर्णीयांवरचा अन्याय झाकला नाही. परक्या घराचे वर्णन करताना इथला उंबरठा त्या विसरल्या नाहीत. ह्याला समाजचिकित्सा म्हणताना आपली जीभ का अडखळते? लेखिका बाई आणि विषय रोजचा, म्हणूनच ना?

दिंडोरीत हे लिहिताना समोर द्राक्षबागा आहेत. पेठ-सुरगाण्याहून इथे मजुरीला येणाऱ्या बायकाही दोन ठिकाणांची तुलना करतातच: रोज, पाणी, लेकरांची शाळा. तिला आपण 'गाऱ्हाणे' म्हणतो. रमाबाईंना नीट वाचले असते, तर तसे म्हणण्याचे धाडस झाले नसते.