किती तासांत पोहोचलात?

गेल्या दिवाळीत आम्ही दापोलीहून परभणीला मोटारीने आलो. मुलगी तिथल्या कृषी विद्यापीठात नोकरीला. तिला आणि नातीला आणायला मी गेलो होतो. उंबऱ्यात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच पुतण्याने विचारले, "काका, किती तासांत पोहोचलात?" तो स्वतः मुंबईहून समृद्धी महामार्गाने जालन्यापर्यंत आणि तिथून घरी असा सात तासांत येऊन, अंघोळ उरकून फराळाला बसला होता. मी म्हटले, "चार दिवसांत." मग अख्ख्या घराने माझी जी कीव केली, तिला उत्तर म्हणून हा लेखनप्रपंच.

महामार्गाशी माझे वैर नाही. 2025 च्या जूनमध्ये तो नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत, 701 किलोमीटर, पुरा झाला. कुणाला बापाचा अखेरचा श्वास गाठायचा असेल, त्याने खुशाल त्यावरून जावे. माझे भांडण त्या प्रश्नाशी आहे. निघालो ते घर आणि पोहोचलो ते घर, मधला सगळा मुलूख म्हणजे अडगळ! पुतण्याला विचारले, वाटेत काय पाहिलेस? म्हणाला, "पाट्या."

आम्ही दाभोळला मोटार फेरीबोटीवर चढवली आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो. आजोळी जाताना गोदावरी नावेतून ओलांडत असू, त्यानंतर मोटारीसकट पाण्यावर तरंगण्याचा हा पहिलाच योग. नात तर उतरायलाच तयार होईना. पुढे चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड. घाट चढताच जांभ्याची लाल माती मागे पडते. मग हळूहळू काळी जमीन, उतरत्या कौलांऐवजी माळवदे, आणि ताटात तांदळाच्या भाकरीऐवजी ज्वारीची. हा बदल एका जेवणात होत नाही, त्याला तीन मुक्काम लागतात.

दुसरा मुक्काम पंढरपूर. आमच्या गंगाखेडची जनाबाई लहानपणी तिथे नामदेवांच्या घरी गेली, असे परंपरा सांगते. तेवढे अंतर ती पोर कशी गेली असेल, हे मोटारीत बसूनसुद्धा मनात आल्याशिवाय राहिले नाही. तिसरा मुक्काम अंबाजोगाई. कोकणातल्या कित्येक घराण्यांची कुलदेवता ही योगेश्वरी. समुद्रकाठच्या माणसांनी आपली देवी बालाघाटाच्या डोंगरात का ठेवली, हे कोडे पंडितांनी सोडवावे. पण तिच्यासाठी कोकणातली माणसे घाट चढून येत आली, एवढे खरे.

आता परभणीकरांना एकच विचारतो. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" असे कुणी हसून म्हटले की आपल्याला राग येतो ना? यावा. पण दुसऱ्यांची गावे आपण पाट्यांपुरती ठेवली, तर आपले गाव त्यांनी पाटीपलीकडे का वाचावे? जालन्याहून नांदेडला जाणारा तसाच द्रुतगती मार्ग आपल्या जिल्ह्यातून आखलेला आहे. तो झाला की आपणही कुणाच्या तरी सात तासांतली दहा मिनिटे होऊ. तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

आणखी एक गोष्ट पुतण्याला सांगायची राहिली. कळंबच्या अलीकडे चहाला थांबलो, तिथे ऊसतोड्यांचा ट्रॅक्टर उभा होता. दोन ट्रॉल्यांत अवघा संसार: भांडी, सरपण, शेळी, पोरे. कारखान्याच्या हंगामासाठी दिवाळीच्या तोंडावरच माणसे निघालेली. नातीने पुढे केलेली चकली पोरांनी क्षणात संपवली. त्यांच्या आईने विचारले, "कुठलं गाव, काका?"

"परभणी. घरी चाललोय दिवाळीला."

"आम्ही गंगाखेडकडचे. आत्ताच घर सोडलं." आणि थोड्या वेळाने, "गंगाखेडच्या पुलावरून जाल का? गंगंला आमचाबी नमस्कार सांगा."

चौथ्या दिवशी पुलावर अंधार पडला होता. मोटार कडेला घ्यायला नातीनेच लावली. तिने कठड्यापाशी उभे राहून आधी त्या बाईचा नमस्कार केला, मग स्वतःचा. तिथे पाच मिनिटे गेली. पुतण्याने तीही हिशेबात धरावीत.