रंगाने अडवलेले दार

मराठीत रंग भरतो, चढतो, उडतो. कधी रंगाचा बेरंगही होतो. हे वाक्प्रचार मुलांना शिकवण्यावरच माझा प्रपंच चालतो. पण ‘रंगाने दार अडवले’ हा प्रयोग काही माझ्या वाचनात आला नव्हता. तो मला शिकवला सांगलीच्या ताईच्या कपाटाने, आणि तोही २०१९ च्या भाऊबीजेच्या मुहूर्तावर.

त्या वर्षीच्या ऑगस्टात सांगलीवर काय गुदरले, ते नव्याने सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट; पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ताईच्या तळमजल्यात ते छातीएवढे होते आणि त्यात वडिलांचे सागवानी कपाट चार-पाच दिवस उभे होते. वडील गेल्यावर हे कपाट साताऱ्याहून ताईकडे गेले. तोंडाने मी “तूच ने” म्हटले होते. मनातून मात्र ते मला हवे होते. असे काही भावंडांत राहून जाते खरे.

भाऊबीजेला सकाळच्या एस.टी.ने सांगली गाठली. घरात पाऊल टाकतो तो काय! ते गर्द तपकिरी सागवान नखशिखान्त आकाशी झालेले. मी गप्प राहिलो. पाट मांडला गेला, रांगोळी झाली आणि चांदीचे निरांजन काढायला ताई कपाटाकडे वळली. दार हलेना. तिने ओढून पाहिले, भाऊजींनी ओढून पाहिले. अखेर माझा तोल सुटला.

“सागवानाला कुणी ऑइल पेंट फासतं का, ताई? बाबांचं कपाट आहे ते!”

ताई काहीच बोलली नाही. मी तावातावाने स्वयंपाकघरातले उलथने आणले, दोन दारांच्या फटीत खुपसले आणि दिला हिसका. दार काही उघडले नाही. पण रंगाचा वीतभर पापुद्रा सुटून आला. खाली लाकडावर एक आडवी मातकट रेघ होती. पुराची.

“रोज उठलं की तीच समोर दिसायची रे,” ताई म्हणाली. “किती पुसली तरी जाईना. म्हणून रंग दिला.”

यावर मराठीच्या प्राध्यापकापाशी एक शब्द नव्हता. कणकेचा दिवा करून तिने मला ओवाळले.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी ओळखीच्या सुतारमामांना बोलावले. “कडांना रंधा मारून टाका,” मी म्हणालो. मामा हसले.

“सर, लाकूड अजून पाणी प्यालेलं आहे. आज रंधा माराल, तर उन्हाळ्यात त्या फटीतून झुरळं वरात काढतील. फुगलेलं लाकूड वाळून जागेवर येतं. तासलेलं परत येत नाही.”

मग त्यांनी माझा वर्गच घेतला. लाकूड फुगते ते आडवे. उभ्या लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून पावसाळ्यात दार रुंदीत अडते. त्यात रंगाची भर. अस्तराचा एक हात, रंगाचे दोन. तेही दाराच्या कडेला आणि चौकटीलाही. सगळे मिळून पोस्टकार्डाएवढी जाडी सहज होते, आणि मुळातली फट त्याहून फारशी मोठी नव्हतीच. शिवाय ऑइल पेंट एका दिवसात हाताला लागेनासा होतो, पण हवेतला प्राणवायू घेऊन आतून कडक व्हायला त्याला काही आठवडे लागतात. ताईने दुसऱ्याच दिवशी दारे लावून घेतली होती. दोन मऊ थर एकमेकांना बिलगले, ते बिलगलेच.

मामांनी उलथने बाजूला ठेवले. एक पातळ पत्ती घेऊन फटीतून सावकाश फिरवली, रंगाची साय चिरत नेली. दार विनातक्रार उघडले. मग बिजागऱ्यांचे ढिले स्क्रू आवळले. कारण दार लोंबून अडत असेल, तर घासणे फुकट. चौकटीच्या कडेला खडू फासला, दार लावून उघडले, आणि दाराला खडू जिथे लागला होता तेवढीच जागा ठोकळ्याला गुंडाळलेल्या ओल्या पॉलिश पेपरने घासली. ओला अशासाठी, की जुन्या रंगांत शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची कडक मर्यादा आली ती २०१७ साली. त्याआधीच्या रंगाची कोरडी धूळ नाकात जाणे बरे नव्हे.

“आता दारं किलकिली ठेवा,” जाताना मामांनी बजावले. “लाकूड पुरतं वाळलं की कडांना मेणबत्ती घासा. रंग द्यायचा असेल तर मेणाच्या आधी. मेणावर रंग धरत नाही.”

मी ताईकडे वळून विचारले, “सगळा रंग काढून पुन्हा पॉलिश करायचं का गं?” विचारता विचारताच तिच्या चेहऱ्यावरून उत्तर कळले. “नको, आकाशीच बरा दिसतो,” मीच म्हणालो.

पुढच्या वर्षीचा पाडवा २५ मार्चला आला, आणि टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. सातारा-सांगली अंतर एकाएकी विलायतेएवढे झाले. ताईचा फोन आला. “अरे, कपाट एका बोटानं उघडतंय!” मामांनी रंधा मारला असता, तर फोन फटीचा आला असता.

त्या वर्षी भाऊबीजेला गेलो, तेव्हा पापुद्रा निघालेली जागा मी स्वतः रंगवली. कडा कोऱ्या ठेवल्या आणि दारे उघडी टाकली. निरांजन मात्र आधीच बाहेर काढून ठेवले होते.

तेव्हा वाचकहो, दिवाळीला घरचे कपाट रंगवायला काढाल, तर आधी फटीतून एक पोस्टकार्ड फिरवून पाहा. ते अडले, तर रंगही अडणार. आणि बहिणीने रंग का दिला, हे विचारल्यावाचून उलथने हाती घेऊ नका.