चित्रफितीची काटछाट व धानाचे बियाणे

पूर्व चंद्रपूर व गडचिरोली हा धानाचा मुलूख. येथील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी शेतीच्या चित्रफितींचे संपादन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने शिकावे, हे इष्टच होय. मात्र काय राखावयाचे, हे यंत्रावर सोपवू नये.

बीजप्रक्रियेचे उदाहरण घ्यावे. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओततात. तरंगणारे पोचट दाणे काढून टाकतात. तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोनतीन वेळा धुऊन सावलीत वाळवितात. धुताना सहसा कोणी बोलत नाही; निःशब्द भाग आपोआप गाळणारे यंत्र नेमके तेच दृश्य वगळण्याचा संभव असतो. ती फीत पाहून कोणी बियाणे न धुता पेरले, तर मिठामुळे उगवण बिघडते. झाडीबोलीतील बोलणे यंत्राने लिहून काढताना आकडाही चुकू शकतो.

यास्तव कृतीच्या पायऱ्या व प्रमाणे आधी कागदावर लिहावीत, तयार फीत त्यांच्याशी ताडून पाहावी आणि गावातील अनुभवी शेतकऱ्यास दाखवूनच पुढे धाडावी. फीत पुन्हा जोडता येते. हुकलेला हंगाम पुन्हा येत नाही.