दुगारवाडी की फेरी?

पाऊस लागला की होस्टेलवर एकच घोषणा: चलो दुगारवाडी! सातपूरहून त्र्यंबक रोड धरायचा, बस्स. धबधबा सॉलिड आहे, वादच नाही. पण तिथे जायला ओढा ओलांडावा लागतो. पाऊस पडतो वर डोंगरात, आपल्याला दिसतं ते एकदम चढलेलं पाणी. ऑगस्ट २०२२ मध्ये वीसहून जास्त पर्यटक असेच पलीकडे अडकले, एकजण वाहून गेला. फ्लुइड मेकॅनिक्सवाल्यांना हे मी सांगायचं?

त्यापेक्षा श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करा. वीसेक किलोमीटर, हिरवेगार कडे, धबधबे, सोबतीला माणसं. (चिखलात आपटलो तेव्हा माझ्या कॉन्व्हेंटी तोंडून अस्सल मराठी निघालं!) तिसऱ्या सोमवारी मात्र तुफान गर्दी.

दुगारवाडीच हवी असेल, तर पाणी गढूळ दिसताच मागे फिरा. गेल्या वर्षी मी सगळ्यांना फिरवलं. दोघं अजून बोलत नाहीत माझ्याशी.